तुना चित्रमा पानी कोठे जाई?

खूप दिवसांपासून हे लिहायचं होतं, सबमिशनच्या गडबडीत राहून जात होतं. आता आर्किटेक्चरचं चौथं वर्ष संपलं, आखाजी म्हणजे अक्षय तृतीया झाली, मी गावी आहे. आमचं गाव शिंदखेडा तालुक्यात, तापीच्या अलीकडे. दुपारी बाहेर ४४-४५ चं ऊन असतं, चिटपाखरू दिसत नाही, सगळे कूलरसमोर आडवे झालेत. घरात एक गोष्ट घडतेय ती मी शेवटी सांगते, पण ती कळण्यासाठी आधी वर्षभरात काय झालं ते सांगायला लागेल.

या वर्षीचा आमचा स्टुडिओ प्रोजेक्ट होता सांस्कृतिक केंद्र. साइट आपापल्या भागातली घ्या म्हणून सांगितलेलं, मी प्रकाशा घेतलं. तापी आणि गोमाईचा संगम, दक्षिण काशी म्हणतात आपल्याकडे, लहानपणी आजीबरोबर कितीतरी वेळा गेलेय. केंद्रात एक हॉल, लायब्ररी, अहिराणी गाणी ऐकायची खोली, थोडी प्रदर्शनाची जागा, असं सगळं. मला तेव्हा एकच ध्यास होता की आपलं डिझाइन कुणासारखं दिसता कामा नये. पहिल्या वर्षापासून हेच ऐकत आलोय ना आम्ही, तुझी आयडिया काय, तुझा कॉन्सेप्ट काय, यात तुझं काय आहे. तर मी केळीची पानं घेतली. तापीकाठी सगळीकडे केळी, म्हणून दोन मोठी काँक्रीटची पानं, एकमेकांवर झुकलेली, मधल्या फटीतून खाली उजेड. रात्र रात्र जागून मॉडेल केलं, माउंटबोर्ड ओला करून वाकवला, बोटं कापली, पण मॉडेल सुंदर झालं होतं, मला अजूनही ते आवडतं.

ज्युरीला, म्हणजे परीक्षकांसमोर डिझाइन मांडायचं असतं तेव्हा, बाहेरून आलेले एक सर होते. त्यांनी शीट शांतपणे बघितलं, मग खिशातून फोन काढला, दोनेक मिनिटं काहीतरी शोधलं आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली. तीच दोन पानं. तीच फट. दुसऱ्या कुठल्यातरी देशातलं, समुद्रकाठचं. ते एवढंच म्हणाले, 'बेटा, हे झालेलं आहे.' मी कॉपी केली नव्हती, आईशप्पथ नव्हती, आणि तसं सांगताना माझा आवाज इतका कापत होता की ऐकणाऱ्याला मी खोटं बोलतेय असंच वाटलं असेल. रूमवर आल्यावर मी माझा पिंटरेस्टचा बोर्ड उघडून खाली खाली जात राहिले आणि तो फोटो मला सापडला, दुसऱ्या वर्षाला असताना सेव्ह केलेला. मला तो आठवतही नव्हता. पण तो माझ्या आत जाऊन बसला होता आणि दीड वर्षाने माझ्या हातातून माझी आयडिया म्हणून बाहेर आला. त्या रात्री मला जी भीती वाटली ती मार्कांची नव्हती. मला जे जे माझं वाटतं त्यातलं खरंच माझं किती, हा प्रश्न एकदा पडला की नंतर पेन्सिल उचलवत नाही.

पुढच्या ज्युरीसाठी मी दुसऱ्या टोकाला गेले. म्हटलं नको ते ओरिजिनल, आपण आपल्या मातीतलंच करू, त्याला कोण कॉपी म्हणणार. खान्देशातलं धाब्याचं, म्हणजे वर मातीचं छत असलेलं घर घेतलं. रंग मातीचा, बाहेर लाकडी सऱ्यांची, म्हणजे तुळयांची टोकं आलेली, कोनाडे, ओटा, जाड भिंती. आतून अर्थातच आरसीसीचा सांगाडा, कॉलम-बीम, त्यावर स्लॅब, आणि सऱ्यांची टोकं भिंतीला नुसती बाहेरून लावलेली. रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवरचं चित्र, फार छान आला, वर्गातल्या सगळ्यांना आवडला. आमच्या मॅडमनी मात्र सेक्शनवर, म्हणजे इमारत उभी कापून आतलं दाखवतात त्या ड्रॉइंगवर, बोट ठेवलं. म्हणाल्या, 'ही टोकं काय उचलतात?' मी म्हटलं काही नाही. 'भिंत दीड फुटाची का दाखवलीयस, आत काय आहे?' मी म्हटलं, सहा इंचाच्या दोन भिंती, मध्ये पोकळी, जाड दिसावी म्हणून. त्या म्हणाल्या, 'मग हे हायवेवरचं रिसॉर्ट झालं.'

लागलं मला ते, कारण तसली हॉटेलं मी हायवेला येता-जाता बघितलीयत. फायबरच्या तुळया, भिंतीला टांगलेलं बैलगाडीचं चाक, कंदिलात एलईडी, आणि दारात फेटा बांधून उभा केलेला एक मुलगा जो दिवसभर उन्हात राम राम करतो. त्या मुलाकडे मला कधीच नीट बघवलं नाही. आणि मी तेच केलं होतं, फक्त शीटवर.

म्हणजे नवीन केलं तर कुणाची तरी नक्कल आणि जुनं केलं तर खोटं. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा मी या अवस्थेत होते आणि काहीतरी हाताला काम हवं म्हणून टेप घेऊन आमचंच घर मोजायला बसले.

आमचं घर खरं धाब्याचं. आजीच्या, म्हणजे जिजीच्या सासऱ्यांनी बांधलेलं. मी भिंतीला टेप लावली तर जिजी ओट्यावरून म्हणाली, 'कसाले मोजी राहिनी वं? घर इकनं शे का?' म्हणजे कशाला मोजतेयस, घर विकायचंय का. मी म्हटलं नाही गं, कॉलेजचं आहे. मग तिने विचारलं नाही, पण दिवसभर लक्ष ठेवून होती.

मोजताना पहिल्यांदा कळलं की या घराला फूट-इंच लागूच होत नाहीत. गावातले जुने सुतार नाना आहेत, आता काम होत नाही पण बोलायला आवडतं त्यांना, ते म्हणाले घर खणात मोज. दोन खांबांमधला एक खण. आणि खण केवढा, तर लाकूड मिळालं तेवढा. आमच्या घरात कुठला खण सव्वापाच फूट, कुठला पावणेसहा, एक तर साडेचारच. मी ऑटोकॅडमध्ये ग्रिड टाकते ती पहिल्या क्लिकला चार मीटर, का चार मीटर ते कधी विचारलंच नव्हतं. इथे प्रत्येक खणामागे एक झाड आहे. सागाचे खांब, कडुनिंबाच्या कड्या, आणि मागच्या खोलीत एका सडलेल्या सऱ्याच्या जागी चक्क रेल्वेचा रूळ, कुठून तरी भंगारातून आणलेला, आबांनी, म्हणजे आजोबांनी बसवलेला. लहानपणापासून त्या रुळाला आमचा पाळणा टांगायचे. कुणाला तो परका वाटला नाही कधी. अस्सल पारंपरिक घराचं ड्रॉइंग काढताना मला मात्र क्षणभर वाटून गेलं की हा रूळ गाळावा, आणि असं वाटलं याची लाज वाटून मी तो सगळ्यात आधी काढला.

मग मी छताचा सेक्शन काढायला घेतला, एकास दहाच्या स्केलने. खांबावर सरा, सऱ्यावर कड्या, कड्यांवर किलचन म्हणजे बारीक लाकडं, त्यावर तुराट्या आणि कडुनिंबाचा पाला, उदई म्हणजे वाळवी लागू नये म्हणून, त्यावर चिखलाचा थर, आणि सगळ्यात वर खारी. मला वाटलं झालं. जिजीला दाखवलं, तिला सेक्शन वगैरे काय कळणार असं मनात होतं, पण तिने कागद जवळ घेतला, थोडा लांब धरला आणि म्हणाली, 'तुना चित्रमा पानी कोठे जाई वं?'

मी छत सपाट काढलं होतं. पट्टी लावून सरळ रेघ. खरं छत सपाट नसतंच, दिसतं सपाट, पण मधून कडेकडे थोडंसं उतरतं, नंतर मी पाण्याची नळी लावून मोजलं तर पंधरा फुटांत चारेक इंच, आणि तो उतार अंगणाच्या बाजूला पन्हाळ्याकडे जातो, पन्हाळं भिंतीपासून हातभर बाहेर आलेलं असतं म्हणजे धार भिंतीच्या पायाशी पडत नाही. माझ्या रिसॉर्टछाप डिझाइनमध्ये मी पन्हाळंही काढलं होतं बरं का, शोभेचं, मागे काहीच नाही. म्हणजे मी ज्या घरात वाढले त्याची नक्कलसुद्धा मला नीट करता आली नव्हती. आणि तिथे मला काहीतरी उमगायला सुरुवात झाली, की माझी चूक नक्कल केली ही नव्हती, मी ती अर्धवट केली, वरवरची केली, ही होती. पूर्ण नक्कल करायची म्हटलं तर आधी पाणी कुठे जातं ते कळायला लागतं, आणि ते कळलं की तुमच्या साइटवर पाणी वेगळीकडे जातं हेही कळतं, मग आपोआप तुमचं घर वेगळं होतं. मी जिजीला विचारलं की पणजोबांनी घराचा नकाशा कसा ठरवला असेल. ती म्हणाली, 'भाऊबंदसना घर देखीसन बांधं.' भाऊबंदांचं घर बघून बांधलं. संपलं. गावात अशी तीस-चाळीस घरं होती, सगळी एकमेकांची बघून बांधलेली, आणि अंधारात नेलं तरी कुठलं घर कुणाचं हे गावातला माणूस सांगेल.

आता खारीबद्दल सांगते, कारण तिथेच मला सगळ्यात जास्त सापडलं.

खारी म्हणजे धाब्यावर टाकायची पांढरी माती. दरवर्षी पावसाळ्याआधी एक थर टाकायचा. आपली शेतातली काळी माती छतावर चालत नाही, ती पाण्याने फुगते आणि उन्हाने हातभर भेगाळते, बीटी कापसाला चांगली, छताला वैरीण. पांढरी माती फुगत नाही, वरचा थर भिजला की घट्ट बसतो आणि पाणी खाली जाऊ देत नाही. जोराच्या पावसात घरात कुठे टिपका पडायला लागला की आबा डोक्यावर पोतं घेऊन वर चढायचे, तिथे मूठभर खारी टाकायची, पायाने दाबायची, खाली येऊन विचारायचे थांबलं का.

ही माती आणतात कुठून? पांढरीतून. शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी हे तर आपल्या बोलण्यातच आहे, काळीपांढरी. गावाच्या कडेला एक टेकाड असतं, जुनं गावठाण, तिथून. मी कॉलेजात इतिहास शिकलेय म्हणून मला ते टेकाड एकदम वेगळं दिसलं. ते टेकाड मुळात टेकाड नाहीच. ती जुनी घरं आहेत. मातीच्या भिंती पडल्या, त्यावर परत घरं बांधली, ती पडली, चुलीची राख, शेण, हाडं, खापरं, सगळं थरावर थर, शेकडो वर्षं, कुठे हजारो. प्रकाशाला १९५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याच्या बा. कृ. थापरांनी अशाच टेकाडावर उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळापासूनचे थर एकाखाली एक निघाले. तिकडे गिरणेकाठी बहाळलाही तसंच. तापीकाठच्या सावळद्याच्या नावाने तर एक अख्खी ताम्रपाषाण संस्कृती ओळखली जाते, त्या मडक्यांवर चित्रं काढलेली आहेत. माझी साइट म्हणजे असली साइट होती आणि मी तिच्यावर केळीची पानं ठेवत होते.

तर विचार करा, आमच्या डोक्यावर जी खारी होती ती कुणाच्या तरी घराची भिंत होती. त्याआधी कदाचित कुणाच्या छतावर होती. मी पत्र्याच्या शिडीने धाब्यावर चढले, हाताने थोडी माती उकरली, तर नखाएवढं एक लाल खापर निघालं, एका बाजूला घासून गुळगुळीत झालेलं. कधीचं ते मला ओळखता येत नाही आणि मी काही कल्पनाही करणार नाही, शंभर वर्षांचंही असेल. पण ते कुणीतरी हाताने केलेलं मडकं होतं आणि आता ते आमचं पाणी अडवत होतं.

यात एक दुखरी बाजू आहे, ती लपवणार नाही. पांढरीची माती अशी ट्रॉल्या भरभरून शेतात आणि छतावर गेली त्यात किती थर कायमचे गेले असतील. पुरातत्त्ववाल्यांच्या दृष्टीने हा नाश आहे आणि ते बरोबरच आहेत, थर एकदा हलला की तो काय सांगत होता ते परत वाचता येत नाही. मला दोन्ही खरं वाटतं. इतिहास जपायचा म्हणजे कुंपण घालून ठेवायचा की वापरायचा, यावर माझं अजून ठरलेलं नाही, पण वापरून संपवणारे लोक इतिहासाशी बेईमान होते असं मला कुणी म्हटलं तर मी भांडेन.

जानेवारीत कॉलेजची स्टडी टूर अजिंठ्याला गेली. जळगावपासून साठेक किलोमीटर, आमच्याकडच्या प्रत्येक शाळेची सहल तिथे जातेच, मी चौथ्यांदा गेले. आधीच्या तीन वेळी चित्रं पाहिली. या वेळी छत बघितलं. १९ आणि २६ नंबरच्या लेण्यात, म्हणजे चैत्यगृहात, बौद्धांच्या प्रार्थनेच्या जागेत, वर बघा, कमानदार छताला बाकदार तुळया आहेत एकीला लागून एक, आणि त्या दगडातच कोरलेल्या आहेत. डोंगर पोखरून केलेल्या लेण्यात तुळईची गरज काय? ती काही उचलत नाही. उलट तुळई शिल्लक ठेवायची म्हणून तिच्या दोन्ही बाजूंचा दगड छिन्नीने काढायला लागला असणार, इतकी मेहनत, न उचलणाऱ्या तुळईसाठी. कार्ल्याच्या लेण्यात तर खऱ्या लाकडाच्या फासळ्या आहेत, दोन हजार वर्षांच्या, दगडाच्या छताला लावलेल्या, आणि त्याही काही उचलत नाहीत.

मी तिथे थबकलेच. मॅडमचा प्रश्न आठवला, ही टोकं काय उचलतात. या न्यायाने अजिंठाही रिसॉर्टच की मग! पण तसं म्हणायला जीभ रेटत नाही, आणि का रेटत नाही याचं उत्तर मला हवं होतं. परतीच्या बसमध्ये सगळे गाणी म्हणत होते आणि मी तेच घोळवत बसले होते.

मला जे वाटलं ते असं. ती कोरणाऱ्या माणसांना लाकडी सभागृह ठाऊक होतं, त्यांच्यासाठी प्रार्थनेची जागा म्हणजे वर तुळया असलेली जागा, तुळया नसत्या तर आत आलेल्याला ती जागा ओळखूच आली नसती. दहा नंबरचं लेणं इसवी सनाच्या आधीचं, अजिंठ्यातलं सगळ्यात जुनं, आणि २६ नंबर पाचव्या शतकातलं, मध्ये सहाएकशे वर्षं. एवढ्या काळात ती तुळई नकलेची नक्कल होत आली. पण नीट पाहा, नऊ आणि दहामधला स्तूप साधा आहे, आणि एकोणीसमध्ये त्याच स्तूपावर पुढून बुद्ध उभे आहेत, सव्वीसमध्ये पाय खाली सोडून बसलेत. बाकी सगळं तेच ठेवलं, खांबांच्या रांगा, मागची गोलाई, वरची तुळई, आणि त्या ओळखीच्या घरात एक फार मोठी नवीन गोष्ट आणून ठेवली. मला वाटतं सगळंच नवीन असतं तर ते नवीन दिसलंही नसतं. आणि रिसॉर्टच्या फायबर तुळईत काय नाही, तर तिच्यामागे ओळख नाही, मेहनतही नाही. ती आतल्या माणसासाठी नसतेच, फोटोसाठी असते. दगडातली तुळई कोरणारा माणूस त्या तुळईखाली डोकं टेकवणार होता.

हे उत्तर पूर्ण आहे असं मी म्हणत नाही. पण मटेरियल लपवू नका, जे आहे ते दाखवा, हे जे आम्हाला नियमासारखं शिकवतात ते मला आता तेवढं सोपं वाटत नाही. न्यूयॉर्कची सीग्रॅम बिल्डिंग, १९५८ ची, मीस व्हॅन डर रोहची, प्रामाणिक आधुनिक आर्किटेक्चर म्हणून आम्हाला ती दाखवतात, तिच्या बाहेरून वरपासून खालपर्यंत ब्रॉन्झचे आय-सेक्शन, इंग्रजी I अक्षराच्या आकाराचे, लावलेत, ते इमारतीचा भार उचलत नाहीत. आतलं खरं लोखंड आगीच्या नियमामुळे काँक्रीटमध्ये झाकलेलं आहे, म्हणून बाहेर ते पुन्हा दाखवलंय. मग ती पण अजिंठ्याच्या तुळईची बहीणच झाली ना.

अस्सल म्हणजे शुद्ध, हाही एक गैरसमज माझ्या डोक्यात घट्ट बसलेला होता. खान्देशी स्टाइल म्हणजे काहीतरी एक निर्भेळ गोष्ट असेल आणि ती शोधून काढायची. भुसावळहून रेल्वेने तासाभरात बुऱ्हाणपूर येतं, आज मध्य प्रदेशात आहे पण जुन्या खान्देशाची, फारुकी सुलतानांची राजधानी तीच. तिथल्या जामा मशिदीत, फारुकींनीच बांधलेल्या, अरबीबरोबर संस्कृतमध्ये शिलालेख आहे, मशिदीच्या आत. मी तो शिलालेख बघितला तेव्हा मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. किंवा धुळंच घ्या. जुन्या धुळ्याला सरळ गल्ल्या आणि त्यांना नंबर, पत्ता सांगताना गल्ली नंबर पाच म्हणायचं, हे मला लहानपणी अस्सल धुळ्याचं वाटायचं, दुसऱ्या गावाला असं नसतं म्हणून. ती आखणी इंग्रजांचं राज्य आल्यावरची, कलेक्टर कॅप्टन ब्रिग्जच्या काळातली. आता ती कुणाची? माझ्या मते धुळ्याची. दोनशे वर्षं लोक त्या गल्ल्यांत भांडले, लग्नं लावली, गणपती बसवले. आणि आमच्या घरातला रूळ आमचा.

नंतर थिअरीच्या तासाला १९९४ चं नारा डॉक्युमेंट शिकवलं, वारसा जपण्याबद्दलचं, जपानमधल्या नारा शहरात झालेलं. त्यात ऑथेंटिसिटी, म्हणजे अस्सलपणा, ही नुसत्या जुन्या मटेरियलवर ठरवता येणार नाही, त्या त्या संस्कृतीतच तिचा विचार करावा लागेल, वापर, परंपरा, करण्याची पद्धत हेही धरावं लागेल, असं आहे. जपानच्या इसेचं देऊळ तर दर वीस वर्षांनी नवीन लाकडात तसंच्या तसं बांधतात, २०१३ ला शेवटचं बांधलं. बाकीच्यांना ते फार लांबचं वाटत होतं. मला वाटलं, यात काय, आमच्याकडे तर दरवर्षी जूनच्या आधी खारी टाकतात.

शेवटच्या ज्युरीला मी जे केलं ते दिसायला अगदी साधं होतं. लोडबेअरिंग, म्हणजे छताचा भार स्वतः उचलणाऱ्या भिंती, विटांच्या, खऱ्याच दीड फुटाच्या, कारण प्रकाशाचं ऊन तसंच आहे, दुपारी बाहेर तापलेली भिंत आतल्या बाजूला गरम व्हायला रात्र होते आणि तोवर केंद्र बंद झालेलं असतं. हॉल खणांत बसवला, खण साडेतीन मीटरचा, का तर तेवढी सिमेंटची तयार कडी तिथल्या ट्रॅक्टरवर येते आणि चार माणसांना उचलता येते, क्रेन लागत नाही. छताला उतार दिसेल असाच ठेवला आणि सगळं पाणी एका मोठ्या पन्हाळ्यातून अंगणातल्या टाक्यात पडतं, पाऊस असताना लोक ते बघायला ओट्यावर उभे राहतील अशी जागा केली. टेकाडाला हात लावला नाही, इमारत बाजूला सरकवली आणि लायब्ररीची खिडकी तिकडे उघडली. शीटच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे आपण कॉन्सेप्ट लिहितो, तिथे मी कोणती गोष्ट कुणाकडून घेतली ते लिहिलं. खण सुतार नानांकडून. ओट्याची उंची जिजीकडून. पन्हाळं पणजोबांकडून, ज्यांनी ते भाऊबंदांकडून घेतलं. हॉलचं मागचं गोल टोक अजिंठ्याकडून. आर्किटेक्ट बी. व्ही. दोशींच्या अहमदाबादच्या स्टुडिओत, संगाथमध्ये, छतावरचं पाणी खेळत खेळत खाली येतं, ते फोटोत पाहून शिकले, तेही लिहिलं. मॅडम बराच वेळ तो कोपरा वाचत होत्या. मार्क मध्यमच मिळाले, पार्किंगचं सर्क्युलेशन, म्हणजे गाड्यांच्या ये-जा करायच्या वाटा, चुकलं होतं आणि ते खरंच चुकलं होतं.

आता घरातली गोष्ट.

आमचं धाब्याचं घर पाडताहेत. काकांनी ठरवलंय, स्लॅबचं घर बांधायचं. मी सुट्टीला आले तर विषय पक्का झालेला. मी खूप बोलले, चिडून बोलले, धाबं किती थंड असतं, सिमेंटचा पाच इंची स्लॅब रात्रभर तापलेल्या तव्यासारखा आग ओकेल, अशी घरं आता कुणी बांधू शकणार नाही, वगैरे वगैरे. काका काही बोलले नाहीत. जिजी म्हणाली, 'तू राहशी का आठे पावसायामा?'

मला उत्तर देता आलं नाही. आबा गेल्यापासून खारी टाकायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही, गेल्या पावसाळ्यात मागच्या खोलीत रात्रभर पातेली ठेवून जिजी जागी होती आणि मी तेव्हा कॉलेजात बसून धाब्याच्या घराचे रेंडर करत होते. सऱ्याला उदई लागलीय. दोनदा विंचू निघाला. हे घर ज्यांनी जगवलं त्यांना ते नको झालं असेल तर मी कोणत्या तोंडाने जपा म्हणू. मला वाईट वाटतंय, खूप वाटतंय, पण माझं वाईट वाटणं हे काही घराचं कारण होऊ शकत नाही.

मग मी नवीन घराचा प्लॅन करायला घेतला. काकांना मान्य आहे. स्लॅबवर पांढऱ्या चुन्याचा हात आणि वर पातळ चायना मोझॅक, फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांचं, म्हणजे ऊन थोडं परतेल. पश्चिमेची भिंत जाड. पन्हाळं हातभर बाहेर. आणि ओटा. ओट्याची उंची मी जुन्या ओट्यावरून घेतली, साडेसतरा इंच, जिजीचे पाय तिथे बरोबर जमिनीला टेकतात, गुडघ्यांना ताण येत नाही. गवंडी म्हणाला दोन फूट घेऊ, दिसायला भारदस्त वाटेल. मी नाही म्हटलं, आणि पहिल्यांदाच साइटवर माझं ऐकलं गेलं.

काल छत उतरवलं. मजुरांनी वरून खारी खाली लोटली, अंगणभर पांढरी धूळ, श्वास घेता येईना. किलचन वेगळं, कड्या वेगळ्या, रूळ दोघांनी उचलून भिंतीला टेकवून ठेवला, काका म्हणतात नवीन घरात जिन्याला कामाला येईल. खारीचा मोठा ढीग झाला. ट्रॅक्टरवाल्याने विचारलं कुठे टाकायची, नाल्यात टाकून येऊ का. जिजी तोंडाला पदर लावून ओट्यावर बसली होती, एवढा वेळ गप्प होती. तिने हाताने पलीकडच्या गल्लीकडे दाखवलं, तिथे भाऊबंदांपैकी एका घराचं धाबं अजून उभं आहे, गावातलं शेवटच्या चार-पाचांतलं. म्हणाली, 'खारी फेकू नका रे, त्यासले दी टाका. पानी यी राहिनं आते.'

संध्याकाळपर्यंत दोन ट्रॉल्या गेल्या. मी दुसऱ्या ट्रॉलीबरोबर गेले, तिथल्या मुलांबरोबर घमेली वर चढवली आणि पायाने दाबून दिली.